गुडघ्याला मॅग्नेट लावायच्या आधी घरातली माणसं मोजा

मागच्या जुलैत एका शनिवारी नेहमीसारखी नेरूळवरून ठाणा लोकल पकडली, नौपाड्यात आईबाबांकडे पोचलो आणि बघतो तर डबलबेडवर निळी चकचकीत गादी. नेहमीच्या गादीवर अंथरायची, इंचभर जाडीची, दाबली की आत बटणासारखं कडक काहीतरी हाताला लागतं. आईच्या गुडघ्याला पण तसलाच पट्टा. "अरे मॅग्नेटची आहे, रक्ताभिसरण सुधारतं," आई म्हणाली, आणि मी तोंड उघडायच्या आत बाबा पेपरमागून म्हणाले, "किंमत विचारू नकोस, मी विचारून बसलोय."

किंमत लाखाच्या वर निघाली, ती नंतर. मला घाम फुटला तो वेगळ्याच कारणाने. बाबांना दोन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवलाय, डाव्या बाजूला कॉलरबोनच्या खाली, आणि बाबांना जन्मापासून पालथं झोपायची सवय. गादी येऊन अकरा रात्री झाल्या होत्या. म्हणजे अकरा रात्री पेसमेकर त्या बटणांवर ठेवून बाबा घोरत होते.

आता यात माझी लाज अशी की मी महापे एमआयडीसीत मोटर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत क्वालिटीला आहे, मॅग्नेट रोज हातात असतात, आणि आमच्या मॅग्नेट स्टोअरच्या दारावर मोठ्ठी पाटी आहे की पेसमेकर असलेल्यांनी आत यायचं नाही. ती पाटी मी बारा वर्षं बघतोय, पण घरी ती कधी आठवली नाही. त्या संध्याकाळपासून पुढचे दोन महिने जे वाचलं, मोजलं, डॉक्टरांना विचारलं ते इथे क्रमाने लिहितोय, कारण आईच्या भिशी ग्रुपमधल्या आणखी चार घरांत तीच गादी गेलीये.

पायरी १: दुखतंय कोणाचं हे नंतर, घरात राहतं कोण हे आधी

मॅग्नेट विकणारा तुमच्या दुखण्याबद्दल विचारतो. आईकडून भरून घेतलेल्या फॉर्ममध्ये शुगर होती, बीपी होतं, गुडघे, कंबर, झोप, गॅसेस सगळं होतं, पण "घरात कोणाला पेसमेकर आहे का" हा प्रश्न नव्हता. तो होता माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. म्हणून कागद घ्या आणि त्या बेडवर झोपणारे, त्या सोफ्यावर बसणारे, सुट्टीत राहायला येणारे सगळे लिहा, आणि प्रत्येकाच्या नावापुढे शरीरात काही बसवलंय का ते लिहा.

पेसमेकर पहिला. त्याच्या आत मुद्दाम एक चुंबकाला प्रतिसाद देणारा स्विच किंवा सेन्सर ठेवलेला असतो, डॉक्टरांच्या सोयीसाठी. बाबांना चेकिंगला नेलं तेव्हा डॉक्टरांनी ड्रॉवरमधून मेदूवड्यासारखा मधे भोक असलेला गोल मॅग्नेट काढून दाखवला. तो छातीवर ठेवला की पेसमेकर हृदयाचं स्वतःचं ठोके देणं ऐकायचं बंद करतो आणि ठरलेल्या वेगाने आपला आपण ठोके देत राहतो, आणि काही कंपन्यांच्या मॉडेलमध्ये त्या वेगावरून बॅटरी किती उरली तेही समजतं. मॅग्नेट उचलला की परत नेहमीच्या कामाला लागतो. दवाखान्यात ईसीजी लावलेला असताना हे ठीक, पण रात्री दोन वाजता गादीने तेच केलं तर हृदय एका तालात आणि मशीन दुसऱ्या तालात अशी गंमत होऊ शकते. बाबा म्हणाले, "तरीच मधे दोनतीन रात्री धपधप व्हायचं, मला वाटलं उशिरा जेवलो म्हणून." डॉक्टर म्हणाले असेलही नसेलही, पेसमेकर व्यवस्थित आहे, गादी काढा.

याहून नाजूक प्रकरण आयसीडीचं, म्हणजे जे मशीन हृदयाची लय धोकादायक बिघडली तर आतून शॉक देतं. मॅग्नेट त्याच्यावर असेपर्यंत बहुतेक आयसीडी शॉक देणं थांबवून ठेवतात. माणसाला काही जाणवत नाही, सगळं नॉर्मल वाटतं, फक्त ज्या क्षणासाठी ते मशीन बसवलंय तो क्षण नेमका तेव्हाच आला तर ते गप्प बसणार. २०२१ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या डॉक्टरांनी आयफोन १२ एका पेशंटच्या आयसीडीवर धरून बघितला तर त्याच्या पाठीतल्या मॅग्नेटने तेच झालं, आणि त्यानंतर फोन आणि स्मार्टवॉच अशा मशीनपासून किमान १५ सेंटिमीटर म्हणजे सहा इंच लांब ठेवा असा सल्ला तिकडच्या औषध प्रशासनाने दिला. असं मशीन बसवलेले आजोबा शर्टच्या वरच्या खिशात फोन ठेवत असतील तर गादीच्याही आधी तो खिसा बदला. मॅग्नेटवाले साडीचे ब्रोच, छातीवर लावायचे मॅग्नेटचे नेमप्लेट बॅज, इअरबडच्या डब्या, हे सगळं त्याच यादीत.

मग कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी कानामागे बसवलेलं मशीन, त्याच्या आतच मॅग्नेट असतो. इन्सुलिन पंप. मणक्याजवळ किंवा मेंदूत बसवलेले, विजेचे बारीक झटके देणारे स्टिम्युलेटर. आणि एक जे कोणाच्या लक्षात येत नाही ते म्हणजे मेंदूतलं जास्तीचं पाणी उतरवणारी नळी म्हणजे शंट, त्यातल्या काही शंटचं प्रेशर डॉक्टर बाहेरून मॅग्नेटनेच सेट करतात, त्यामुळे डोक्याजवळ मॅग्नेटची उशी आली की ते सेटिंग हलू शकतं. लहानपणी शंट बसवलेली मुलं आता मोठी झालेली असतात, घरातलेसुद्धा विसरलेले असतात.

यातलं एक जरी त्या घरात निघालं तर बाकीच्या पायऱ्या वाचायची गरज नाही. मॅग्नेटची गादी, उशी, गळ्यातली माळ, छातीचा पट्टा घरात आणायचा नाही, आणला असेल तर त्या माणसापासून लांब, वेगळ्या खोलीत ठेवायचा आणि डिव्हाइसचं ओळखपत्र घेऊन डॉक्टरांना एकदा दाखवायचं. ते ओळखपत्र पाकिटात ठेवा, कपाटातल्या फाईलमध्ये त्याचा उपयोग शून्य.

उलट ज्याला सगळे उगाच घाबरतात ते म्हणजे स्टेंट आणि बदललेला गुडघा. अँजिओप्लास्टीतले स्टेंट किंवा टायटॅनियम, कोबाल्ट-क्रोमचे सांधे अशा पट्ट्याने ओढले जात नाहीत. शेजारच्या काकू स्टेंटच्या भीतीने फ्रीजला हात लावायला घाबरत होत्या, त्यांना एवढं सांगून मोकळं केलं. गरोदर बाईला मात्र मी नको म्हणेन, कारण फायद्याचा पुरावा नसताना उगाच पोटाला काही बांधायचं कशाला.

पायरी २: हे दुखणं पट्ट्याचं आहे का दवाखान्याचं

मॅग्नेटने होणारं खरं नुकसान बऱ्याचदा चुंबकत्वाचं नसतंच, गेलेल्या आठवड्यांचं असतं. "बघू महिनाभर, पट्टा लावलाय ना" हे वाक्य घरात ऐकू आलं की खालचं एकदा विचारून घ्या.

कंबर दुखतेय आणि पाय बधिर होतोय, पायातली ताकद जातेय, किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटतोय, मांड्यांच्या मधल्या भागाला स्पर्श कळत नाहीये, तर त्याच दिवशी हॉस्पिटल, सकाळची वाट बघायची नाही. दुखण्याबरोबर ताप, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, आधी कधी कॅन्सर झालेला असणं, हे असेल तर त्या आठवड्यात डॉक्टर. वयस्कर माणूस पडलं आणि नंतर कंबर किंवा खुबा दुखतोय तर एक्सरे. एकच सांधा लाल, गरम, सुजलेला तर डॉक्टर. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर गुठळीची शंका, तिथे पट्टा आवळायचा नाही आणि चोळायचं तर अजिबात नाही. आणि डावा खांदा, हात, जबडा, पाठ यातलं काही छातीच्या दडपणाबरोबर किंवा घामाबरोबर दुखत असेल तर सरळ १०८ ला फोन. खांदा अवघडला म्हणून त्याच्यावर मॅग्नेटची पट्टी चिकटवून झोपून जाणारे लोक असतात आणि हे मी विनोदाने लिहित नाहीये.

पायरी ३: मॅग्नेट मोजा, डब्यावरचा आकडा नको

हा माझ्या आवडीचा भाग आहे त्यामुळे जरा लांबणार.

पट्ट्याच्या डब्यावर लिहिलं होतं ३००० गॉस. गॉस म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास, फ्रीजवर लावायचा साधा मॅग्नेट साधारण ५० ते १०० गॉस, आणि एमआरआयचं दीड टेस्लाचं मशीन म्हणजे १५,००० गॉस. सोमवारी पट्ट्यातलं एक बटण काढून कंपनीत नेलं आणि गॉसमीटरखाली धरलं. दोन सेंटिमीटर व्यासाचा काळा फेराइट मॅग्नेट, अगदी साधा. पृष्ठभागावर आकडा आला ८०० च्या आसपास. एक इंच लांब धरला तर ४० च्याही खाली. दोन इंचांवर ६. वीतभर लांब नेला की पृथ्वीच्या क्षेत्रात हरवून गेला, वेगळा दिसेचना.

डब्यावरचे ३००० कुठून आले? खोटं असेलच असं नाही, बरेच जण मॅग्नेटच्या मटेरियलच्या आतला आकडा छापतात, तो तुमच्या कातडीवर कधीच मिळत नाही. आता गुडघ्याचा सांधा बाजूने कातडीपासून खोल, कंबरेचा मणका तर मांस, चरबी सगळ्याच्या मागे दोनतीन इंच. तिथपर्यंत जे पोचतं ते फ्रीजवरच्या मॅग्नेटपेक्षाही कमी. आणि रक्तात लोह असतं म्हणून मॅग्नेट रक्त ओढतो हे जे सांगतात ना, तर हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यासारखं लोखंड नाहीये, ऑक्सिजन घेतलेलं रक्त चुंबकाकडे ओढलं जाण्याऐवजी अगदी किंचित ढकललंच जातं, हे १९३६ सालीच मोजून झालंय. तसं ओढलं जात असतं तर एमआरआयमध्ये गेलेल्या माणसाचं काय झालं असतं विचार करा.

मग आईने विचारलं, एवढं कमजोर आहे तर बाबांना काय होणार होतं? प्रश्न एकदम बरोबर आणि सगळी मेख इथेच आहे. पेसमेकरचा स्विच साधारण १० गॉसला जागा होतो, तो तसा बनवलेलाच असतो. म्हणजे इंचभर फोमच्या पलीकडून येणारे चाळीसेक गॉस गुडघ्याचं काही करायला पुरत नाहीत आणि पेसमेकरचं काम बदलायला मात्र भरपूर होतात. आणि गादीत असं एक बटण नसतं, रांगेने बसवलेली असतात.

तुमच्याकडे गॉसमीटर नसणार, त्याची गरज पण नाही. एक टाचणी किंवा यू-पिन घ्या. पट्टा जसा बांधता तसा ठेवा आणि कातडीला लागणाऱ्या बाजूला टाचणी चिकटते का बघा, मग मधे रुमालाच्या घड्या घालत जा, एक, दोन, चार, आठ, कितव्या घडीला टाचणी गळून पडते ते मोजा. त्या जाडीपलीकडे तुमचा सांधा आहे. दुसरा मार्ग मोबाईलचा. कंपास किंवा मॅग्नेटोमीटरचं फुकट अॅप टाका, ते मायक्रोटेस्लात आकडा दाखवतं, १०० मायक्रोटेस्ला म्हणजे १ गॉस. आपल्याकडे मोकळ्यात ४० ते ४५ दिसतं, घरात लोखंडी कपाटं आणि कॉलममधल्या सळ्यांमुळे थोडं इकडेतिकडे. गादीच्या वर फोन हळूहळू फिरवला तर आकडा कुठे उसळतो त्यावरून मॅग्नेट कुठे कुठे शिवलेत त्याचा नकाशाच मिळतो. फोन अगदी चिकटवू नका, सेन्सर गोंधळतो, नंतर इंग्रजी आठचा आकडा हवेत काढून कंपास ठीक करावा लागतो. मात्र हे फक्त समजण्यासाठी. अॅपवर कमी आकडा आला म्हणून पेसमेकरवाल्या माणसाला झोपू द्यायचं असं कोणी करू नका.

आणि मॅग्नेटचा रंग बघा. काळा, मातकट, खडूसारखा तुटणारा तो फेराइट. चांदीसारखा चकचकीत, आकाराने छोटा पण सुटता सुटत नाही तो निओडिमियम, आणि धोक्याच्या बाबतीत हा एकदम वेगळा प्राणी आहे. दोन निओडिमियम एकमेकांवर झेपावले आणि मधे कातडी सापडली की रक्ताचा फोड ठरलेला, आमच्याकडे नवीन पोरं पहिल्या आठवड्यात एकदा तरी बोट चिमटून घेतातच. आपटले की कपचे उडतात, डोळ्यात जाऊ शकतात.

पायरी ४: घरात लहान मूल असेल तर हा भाग दोनदा वाचा

पट्ट्याची शिवण उसवली की बटण बाहेर येतं. रांगणाऱ्या मुलाला ते गोळीसारखं दिसतं. एक मॅग्नेट गिळला तर बऱ्याचदा निघूनही जातो, पण दोन गिळले, किंवा एक मॅग्नेट आणि एखादी लोखंडी वस्तू, तर आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वेटोळ्यांतून ते एकमेकांना शोधतात आणि मधल्या भिंती चिमटून धरतात. तिथला रक्तपुरवठा बंद पडून आतड्याला भोक पडतं. सुरुवातीला मूल खेळत असतं, थोडी उलटी, थोडं पोटदुखी, घरच्यांना वाटतं अपचन झालंय. म्हणून शंका आली तरी थांबायचं नाही, लक्षणांची वाट बघायची नाही, उलटी करवायची नाही, केळं-भात चारून "निघून जाईल" करायचं नाही, काही खायला-प्यायला न देता जिथे एक्सरे आणि मुलांचे सर्जन दोन्ही असतील तिथे जायचं आणि दारातच सांगायचं की मॅग्नेट गिळल्याची शंका आहे, किती ते माहीत नाही. त्याच जातीचा उरलेला मॅग्नेट सोबत न्या, डॉक्टरांना आकार आणि ताकद कळते.

नाकात, कानात घालतात ते वेगळंच. कानाच्या पाळीला दोन बाजूंनी लावायची मॅग्नेटची कानातली घरात भाची-पुतणीकडे असतील तर ती पण याच हिशोबात धरा.

पायरी ५: एमआरआय किंवा ऑपरेशन असेल त्या दिवशी

एमआरआयचा मॅग्नेट चोवीस तास चालू असतो, फोटो काढत नसतानासुद्धा. २०१८ साली मुंबईतल्याच एका हॉस्पिटलात एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजनचं सिलेंडर नेलं गेलं आणि ते घेऊन गेलेला तरुण मशीनकडे ओढला जाऊन दगावला, आठवत असेल बऱ्याच जणांना. पट्टा सिलेंडरएवढा जड नाही हे मान्य, पण मॅग्नेटचं ब्रेसलेट किंवा इनसोल घालून त्या खोलीत गेलात तर ते अंगावरून हिसकलं जाऊ शकतं, दुसऱ्याला लागू शकतं, फोटो खराब होणार ते वेगळंच. म्हणून त्या दिवशी सगळं घरीच ठेवा, बुटातली मॅग्नेटची तळवी पण, लोक ती हमखास विसरतात. काही औषधी चिकटपट्ट्यांमध्ये धातूचा थर असतो आणि तो तापून कातडी भाजते, तेही टेक्निशियनला सांगा.

आणि रबाळे, महापे, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांतल्या मंडळींसाठी खास: ग्राइंडिंग, वेल्डिंग करताना कधी डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, भले वीस वर्षांपूर्वी, तर एमआरआयच्या फॉर्मवर ते लिहाच. तो कण आत हलला तर डोळा जाऊ शकतो.

पायरी ६: काम करतं का, हे थोडक्यात

१९९७ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला पोलिओनंतरच्या दुखण्याच्या ५० पेशंटवर एक अभ्यास झाला आणि त्यात मॅग्नेटवाल्यांना बराच आराम पडला, विक्रेते आजही तोच सांगतात. त्यानंतरचं ते सांगत नाहीत. २००३ मध्ये टाचदुखीच्या १०१ लोकांना मॅग्नेटची तळवी आणि दिसायला तशीच पण बिनमॅग्नेटची तळवी वाटली, दोन्हीकडे सारखाच आराम. २००४ मध्ये १९४ संधिवाताच्या पेशंटवर ब्रेसलेटचा अभ्यास झाला, त्यात थोडा फायदा दिसला पण तो मॅग्नेटचा का मनाचा हे करणाऱ्यांनाच ठामपणे सांगता आलं नाही, कारण ब्रेसलेट खरं का खोटं हे माणूस घरी किल्ली लावून लगेच ओळखतो. २००७ मध्ये असे सगळे अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा एकंदर दुखण्यावर उपयोग दिसला नाही, फक्त सांध्यांच्या झिजेबद्दल थोडी शंका बाकी ठेवली.

एक घोटाळा मात्र टाळा. मेंदूवर कॉइलने झटपट बदलणारं चुंबकीय क्षेत्र देऊन डिप्रेशनवर करतात ती टीएमएस ट्रीटमेंट खरी आहे, अमेरिकेत २००८ पासून तिला मान्यता आहे. न जुळणाऱ्या फ्रॅक्चरवर पण स्पंदन देणारी चुंबकीय मशिनं वापरतात. ती विजेवर चालतात, डॉक्टरांच्या हाताखाली. मॅग्नेट विकायला कॅम्प भरवणारे या मशिनांचे फोटो दाखवून गादी विकतात, म्हणजे क्रेनचा फोटो दाखवून पक्कड विकल्यासारखं झालं.

पायरी ७: तरीही वापरायचंच असेल तर

आई म्हणाली, मला बरं वाटतं ना, मग? आणि मी भांडलो नाही, कारण गादी घराबाहेर गेली होती, पट्टा गुडघ्याला होता आणि आईच्या अंगात कुठलंही मशीन नाही. अशा माणसाला गुडघ्याच्या पट्ट्याने फारसं काही होत नाही. फक्त एवढं सांभाळा. झोपताना पेसमेकरवाल्याच्या शेजारी असाल तर पट्टा काढून ड्रॉवरमध्ये. जखमेवर, पुरळावर, नुकत्याच लावलेल्या जेलवर बांधायचा नाही. आवळून बांधायचा नाही, बोटं मुंग्या येऊन गार पडली तर सैल करा, शुगरवाल्यांना पायात मुंग्या बऱ्याचदा कळत नाहीत, त्यांनी रोज संध्याकाळी कातडी डोळ्याने बघायची. आपल्या पावसाळी हवेत पट्ट्याखाली घाम मुरतो, खाज येते, नायटा होतो, त्यामुळे दोन तास झाले की काढून पुसायचं. चकचकीत मॅग्नेटवर निकेलचा मुलामा असतो, ज्यांना खोट्या दागिन्यांची अॅलर्जी आहे त्यांना याची पण येते, आणि तो मुलामा उडाला की आतला मॅग्नेट दमट हवेत गंजून भुगा होतो. मॅग्नेट घातलेल्या बाटलीतलं पाणी प्यायचं वगैरे प्रकार तर सोडूनच द्या. एटीएम कार्डाची काळी पट्टी मॅग्नेटने पुसली जाऊ शकते, चिपला काही होत नाही. चावीचं जुनं घड्याळ लांब ठेवा.

आणि डॉक्टरांनी दिलेली बीपीची, शुगरची, संधिवाताची गोळी पट्ट्याच्या भरवशावर बंद करायची नाही. गादी विकणारे "सर" सांगतात हळूहळू कमी करा म्हणून. ते सर परवापर्यंत वॉटर प्युरिफायर विकत होते.

पायरी ८: घरच्या घरी परीक्षा

ही कल्पना काही माझी नाही. १७८४ मध्ये पॅरिसला मेस्मर नावाच्या डॉक्टरच्या चुंबकी उपचारांची चौकशी झाली, समितीत अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन आणि फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए होते, आणि त्यांनी पेशंटच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. उपचार चालू आहे असं सांगितलं की, काही चालू नसतानाही, लोकांना झटके यायचे, आणि न सांगता केला की काहीच व्हायचं नाही. बस, तेच करायचं.

आईच्या पट्ट्याला आतून खिसे होते, बटणं काढता येत होती. मी पुठ्ठ्याच्या दुहेरी चकत्या त्याच मापाच्या कापल्या. बायकोने ठरवायचं कुठल्या आठवड्यात खरी आणि कुठल्यात पुठ्ठा, मला पण सांगायचं नाही, आणि खिसे शिवून टाकायचे. वजन सारखं वाटावं म्हणून पुठ्ठ्यात तांब्याची जुनी नाणी घातली, स्टीलची नको कारण त्यातली काही चिकटतात. आईने कॅलेंडरवर रोज रात्री शून्य ते दहामधला एक आकडा लिहायचा, जिने चढताना किती दुखलं तेवढाच. केसाची पिन पट्ट्याजवळ न्यायची नाही ही अट आईला सगळ्यात जड गेली. सहा आठवडे चालवलं.

त्याच काळात फिजिओथेरपिस्टने सांगितलेला व्यायाम रोज करून घेतला, टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून पाय ताठ करत खाली दाबायचा, पाचसहा सेकंद, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोने कमी होतो हे ऐकल्यावर आईने रात्रीचा भात अर्धा केला. डॉक्टरांना विचारून डायक्लोफेनॅकचं जेल लावलं. खाली बसून भाजी निवडणं बंद, टेबलावर.

पायरी ९: पैसे

घरी येऊन किंवा साखळी करून विकणाऱ्या कंपन्यांना २०२१ चे ग्राहक संरक्षण थेट विक्री नियम लागू आहेत, त्यात माल परत करायची मुदत द्यावीच लागते आणि माणसं जोडण्यावर पैसे देणारी पिरॅमिड योजना चालवायला बंदी आहे. तेव्हा पहिल्या दिवशी पक्कं बिल मागा, मुदत किती ते बिलावर लिहून घ्या, पॅकिंगचा खोका फेकू नका. मधुमेह, हृदयविकार, ब्लड प्रेशर, संधिवात बरा करतो अशी जाहिरात करण्यावर १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने बंदी आहे, त्यामुळे त्यांचं पत्रक आणि व्हॉट्सअॅपचे मेसेज जपून ठेवा, तोच तुमचा पुरावा. आधी कंपनीला ईमेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तरी नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही.

आमची गादी सतरा दिवसांची झाली होती, मुदत बिलावर तीस दिवस लिहिलेली. "सर" फोन उचलेनात. १९१५ वर तक्रार टाकली, तिचा नंबर त्यांना मेसेज केला, आणि चौथ्या दिवशी दोन पोरं गादी न्यायला आली, वाकवून वाकवून लिफ्टमध्ये कोंबली. पैसे दोन हप्त्यांत आले, तेही हँडलिंग चार्ज म्हणून थोडे कापून, मी सोडून दिलं.

सहा आठवड्यांनी बायकोने चिठ्ठी उघडली आणि कॅलेंडर समोर ठेवलं. पहिल्या आठवड्यात आईचे आकडे सातच्या आसपास, शेवटच्यात चार, आणि मधे कुठला आठवडा खऱ्या बटणांचा आणि कुठला नाण्यांचा हे आकड्यांवरून कोणालाच ओळखता येईना. सगळ्यात कमी आकडा, तीन, ज्या दिवशी आला तेव्हा पट्ट्यात जुने पैसे होते. आईने चष्मा लावून दोनदा खात्री केली, मग म्हणाली, "म्हणजे पट्ट्याची ऊब होती होय." आता ती मेडिकलमधला साधा नीकॅप वापरते. बटणं मी कंपनीत घेऊन गेलो, त्या पाटीच्या आत.